बापाकडचं जनुक जागं झालं, हे ओळखणार कोण?

अँजेलमन सिंड्रोम या दुर्मीळ जनुकीय विकाराचं बाळ सतत हसतं. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, दिष्ट काढा त्याची. पुढे चालणं लांबतं, फिट येऊ लागतात, झोप उडते, बोलणं जवळजवळ येतच नाही. मग कुणाला तरी आठवतं, की आईने ग्रहण पाळलं नव्हतं. त्यात रिपोर्ट म्हणतो, 'आईकडून आलेल्या १५व्या गुणसूत्राचा तुकडा नाही'. झालं, सासरच्यांच्या हाती आयतं कोलीत!

तर हा तुकडा काय करतो ते पाहू. त्यावर यूबीई३ए नावाचं जनुक असतं. बहुतेक जनुकांच्या आईकडच्या आणि बापाकडच्या, दोन्ही प्रती काम करतात. याची बापाकडची प्रत मात्र चेतापेशींत गप्प असते, अगदी तुमच्याआमच्या मेंदूतही. ती बिघडलेली नसते. त्याच जागेवर उलट दिशेने दुसरा एक लांबलचक आरएनए (डीएनएवरून उतरवलेली नक्कल) तयार होत असतो. कोकण रेल्वेच्या एकेरी रुळावर समोरून गाडी आली की आपली गाडी खोळंबते, तसं जनुक वाचणारं एन्झाइम अर्ध्यावर अडकतं. आईच्या गुणसूत्रावर मिथाइल गटांची, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या छोट्या रासायनिक गटांची खूण असते, म्हणून तिथे ही उलटी गाडी सुटतच नाही. सगळी भिस्त आईच्या प्रतीवर. आणि बहुतेक वेळा तोच तुकडा बीजांड घडताना योगायोगाने गळतो. यात ना ग्रहण, ना आईचा दोष.

याच खुणेवरून निदान होतं. जनुकांची अक्षरं वाचणारी एक्सोम चाचणी नॉर्मल आली म्हणून अँजेलमन नाही असं ठरत नाही. ही खूण तपासणारी मिथिलेशन चाचणी वेगळी मागावी लागते. तीही शंभरातल्या सुमारे ऐंशीजणांनाच पकडते.

उलट्या आरएनएला चिकटून त्याचे तुकडे करवणारा छोटा रेणू पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचायचा, म्हणजे बापाची प्रत जागी होईल, अशी उपचाराची कल्पना आहे. ती पुढे रेटली आईबापांनी. २००८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या फास्ट या पालकांच्या संस्थेने २०१७ मध्ये त्यासाठी चक्क कंपनी काढली, जीनटीएक्स. २०२० मध्ये हे औषध दिलेल्या पहिल्या पाचही रुग्णांच्या पायांतली ताकद कमी झाली आणि औषधाची चाचणी थांबली. ती ताकद परत आली. मग मात्रा उतरवून चाचणी पुन्हा सुरू झाली. उपचार अजून सिद्ध व्हायचाय. तेव्हा 'स्टेम सेलने बरं करतो' म्हणून लाखो मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

पण गुण आला हे कळणार कसं? विकासाच्या नेहमीच्या मोजपट्टीवर ही मुलं तळालाच राहतात. 'पेज नको' हे आधी रडून सांगणारं मूल आता वाटी सरकवून सांगतं. आईला हा फरक डोंगराएवढा, मोजपट्टीवर शून्य. म्हणून ड्यूक विद्यापीठात पालकांच्या मुलाखती घेऊन ऑर्का ही संवाद मोजणारी प्रश्नावली बनवली गेली. उत्तरं पालकच देतात.

साधारण १५ हजार जन्मांत एक, हा अंदाज धरला तर १५ लाखांच्या गोव्यात कागदोपत्री शंभरेक माणसं निघतात. पेडण्यातली आई आणि काणकोणातला बाप एकमेकांना ओळखतही नसतील. ज्यांचं निदान झालंय त्यांनी मुलाचे मोबाइल व्हिडिओ तारखेनिशी ठेवावेत. २०१६ पासून पालकांच्याच पुढाकाराने अँजेलमनची जागतिक नोंदवही चालते. तिच्यातली माहिती पालकच घरबसल्या भरतात, त्यासाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात खेप घालावी लागत नाही.