पुराणकथा की दंतकथा? देव आला म्हणून गोष्ट बदलत नाही

‘मिथक’ (म्हणजेच पुराणकथा) म्हणजे गैरसमज आणि ‘दंतकथा’ म्हणजे थाप, असं मथळे लिहिणाऱ्यांनी करून टाकलंय. दोन्ही शब्दांचं वाटोळं झालेलं मला बघवत नाही. त्यात आणखी एक घोळ कायमचा: गोष्टीत देव असला की पुराणकथा, माणूस असला की दंतकथा.

दंतकथा आपल्याला पाठच असतात, हे खरं. पुराणकथा जुनी असते, पोथीत असते, हेही खरं. पण त्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं कशावरून, ते कळायला देवगडजवळच्या कुणकेश्वरला जावं. महाशिवरात्रीच्या जत्रेत आजी सांगायची: परदेशी व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं, किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस बोलला, वाचला, देऊळ बांधलं. मग आपल्या धर्मात आता कोण परत घेणार, म्हणून त्याने शिखरावरून उडी टाकली. “खरंच?” म्हटलं की आजी देवळाजवळच्या थडग्याकडे बोट दाखवायची. देव नवसाला पावला, तरी ही दंतकथाच. समुद्र, किनारा, गलबतं सगळं आधीपासून आहे. त्या तयार जगात एकदा काही घडलं, असा तिचा दावा आहे आणि त्याला ती साक्षीदार उभा करते. उद्या वेगळंच सांगणारा शिलालेख सापडला तर ती डळमळेल. गाय रोज खडकावर पान्हा सोडते आणि खाली पिंडी सापडते, ही गावोगावची गोष्टही याच जातीची.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, ही पुराणकथा. तिथे “खरंच?” विचारलं तर आजी उलट विचारायची, “मगे ही जमीन खंयसून इली?” (मग ही जमीन कुठून आली?) सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आपण कोणाच्या भरवशावर राहतो, ते ही गोष्ट सांगते. तिच्यात भूगर्भशास्त्र शोधणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर चढली, म्हणजे पाणी आत आलं. त्याने कथेला ओरखडाही पडत नाही, कारण तिने तारीख कधी सांगितलीच नव्हती.

केरळात हाच परशुराम बाणाऐवजी परशू फेकतो. चिपळूणजवळ परशुरामाच्या देवळात जाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. कुणकेश्वरचा व्यापारी इराणचा की अरबस्तानचा, हे मात्र विचारावंच लागतं.