लोकसभेत याचिका कशी द्यायची आणि ती परत का येते (सोलापूरकरांसाठी)

आपल्याकडं एक समज फार पक्का आहे, की दिल्लीत मोठ्या पदावर आपला माणूस असला की आपला अर्ज सरळ लोकसभेत जातो. समज आला कुठून तेही कळतं. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी राष्ट्रपती झाले आणि त्यांच्यानंतर लोकसभेचे सभागृह नेते झाले सुशीलकुमार शिंदे, म्हणजे सोलापूरचेच खासदार आणि त्याच वेळी देशाचे गृहमंत्री. सोलापूरच्या कोर्टात नोकरी केलेला माणूस लोकसभेत सरकारी बाकांवर पहिला, याचा गावाला अभिमान होता आणि तो असायलाच पाहिजे. पण तेव्हापासून निवेदनावर "मा. सभागृह नेते" लिहून द्यायची जी सवय लागली ती काही सुटत नाही, आणि त्यात चांगले चांगले विषय वाया जातात.

म्हणून आधी सभागृह नेता करतो काय ते बघू. पंतप्रधान लोकसभेचे सदस्य असतील तर तेच सभागृह नेते असतात. मनमोहन सिंग राज्यसभेत होते म्हणून लोकसभेत दुसऱ्या मंत्र्याला नेमावं लागलं. काम मुख्यतः सरकारी कामकाजाचं. कुठलं विधेयक आधी, कुठलं नंतर, तो क्रम लोकसभा अध्यक्ष सभागृह नेत्याशी बोलून ठरवतात, हे नियमातच आहे. कशाला किती तास द्यायचे ते कामकाज सल्लागार समिती सुचवते, तिच्यात अध्यक्ष धरून १५ जण. शिवाय विरोधी पक्षाशी बोलणं, संसदीय कार्यमंत्र्यांना धरून सभागृह चालू ठेवणं. हे किती अवघड असतं ते १३ फेब्रुवारी २०१४ ला देशानं बघितलं, शिंदे तेलंगणाचं विधेयक मांडत होते आणि सभागृहात मिरपूड स्प्रे मारला गेला, तरी १८ तारखेला लोकसभेनं ते मंजूर केलं. या सगळ्यात नागरिकाचा अर्ज कुठंच बसत नाही, तो घेणं हे त्या पदाचं कामच नाही. नागरिकासाठी रस्ता वेगळा आहे, याचिका, म्हणजे कोर्टातली नव्हे तर सभागृहाला केलेली लेखी विनंती, आणि ती तपासायला याचिका समिती आहे, किमान १५ खासदारांची, अध्यक्षांनी नेमलेली, तिच्यात मंत्री घेत नाहीत.

कोण देऊ शकतं? कुणीही नागरिक, एकटा किंवा मिळून. कुठल्या पदाची, संघटनेची गरज नाही.

विषय मात्र नीट बघा, कारण इथंच निम्म्या याचिका अडकतात. लोकसभेत आलेलं किंवा प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढं असलेलं एखादं काम, किंवा सार्वजनिक हिताचा केंद्राचा विषय, एवढंच चालतं. कोर्टात किंवा लवादापुढं चालू असलेला विषय चालत नाही. विधानसभेत मांडायचा विषयही चालत नाही, म्हणजे नळाला किती दिवसाआड पाणी येतं, उजनीचं पाणी कुणाला किती, रस्ता, ड्रेनेज, हे सगळं दिल्लीत पाठवून उपयोग नाही, कितीही खरं असलं तरी. आणि ज्याच्यावर कायद्यात आधीच दाद मागायची सोय आहे तेही नाही. आपल्या विडी कामगार बायकांचं उदाहरण घ्या. एखाद्या मावशीचं पीएफच्या रेकॉर्डला नाव चुकलंय किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून पेन्शन अडकली, तर ते पीएफ ऑफिसकडंच मांडायचं, याचिकेत नाही. पण २०१४ पासून पीएफच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन १००० रुपये आहे, ती वाढवा, असं हजारो बायकांचं म्हणणं असेल तर तो याचिकेचा विषय होतो. दोन्ही एकाच कागदावर लिहू नका ओ, समितीला मग तुमचा सार्वजनिक विषय दिसतच नाही.

आता कागद. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि दरवेळी जीव तुटतो, कारण मेहनत करून चुकतात. सरकारी काम म्हटलं की आपण आधार, रेशन कार्ड, स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, जुन्या निवेदनांच्या झेरॉक्स, पेपरची कात्रणं असा गठ्ठा करतो. याचिकेला यातलं काहीच जोडायचं नाही. पत्र, प्रतिज्ञापत्र, इतर कागद जोडू नयेत असं नियमात स्पष्ट लिहिलंय. जे सांगायचं ते याचिकेच्या मजकुरातच आलं पाहिजे, तेही सभ्य भाषेत, कुणाला शिव्याशाप न देता. मजकूर सभागृहाला उद्देशून, लोकसभेला, कुठल्या साहेबांना नाही, आणि शेवटी विनंती, म्हणजे सभागृहानं नेमकं काय करावं हे दोन-तीन वाक्यांत. "योग्य ती कार्यवाही व्हावी" ही विनंती होत नाही, काय वाढवावं, काय बदलावं ते लिहा.

दुसरा खड्डा भाषेचा. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत लागते. मराठीत लिहिली तर चालते, शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत, कुणी तेलुगूत लिहिली तरी चालते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर पाहिजे आणि त्या भाषांतरावरही याचिका करणाऱ्याची सही पाहिजे. ही दुसरी सही लोक विसरतात. भाषांतर टायपिंगवाल्याकडून करून घेतात, मूळ कागदावर सही करतात आणि पाठवतात. पाकीट बंद करायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि बघा.

तिसरं म्हणजे सह्यांचे कागद, आणि हे वाचून तरी कुणी चुकू नये असं मनापासून वाटतं. मी असे कागद बघितलेत: वहीची पानं फाडून जोडलेली, प्रत्येक ओळीवर नाव, पुढं जांभळ्या शाईचा अंगठा, कुठं अंगठा घसरून शेजारच्या नावावर गेलेला, खाली परत नीट उमटवलेला. एका बाईनं विड्या वळायचं काम सोडून दारोदार फिरून गोळा केलेल्या सह्या. आणि पानाच्या डोक्यावर फक्त "सह्या". असली पानं कामाची राहत नाहीत, कारण नियम असा आहे की सह्या एकापेक्षा जास्त पानांवर गेल्या तर प्रत्येक पानाच्या वर ती विनंती परत लिहिलेली पाहिजे, म्हणजे सही कशासाठी केली ते त्या पानावरच दिसतं. आणि ज्या पानावर याचिकेचा मजकूर आहे त्याच पानावर निदान एकाची सही किंवा अंगठा हवाच. म्हणून विनंती वर छापलेली कोरी पानं आधी झेरॉक्स करून घ्या आणि मगच दारोदार जा. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पूर्ण पत्ता लागतो, नुसतं "लक्ष्मीबाई, सोलापूर" चालत नाही. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो, अंगठा आहे म्हणून कुणाला मागं ठेवू नका.

मग ती द्यायची कशी? दोन वाटा आहेत. एखादा खासदार सभागृहात मांडतो, तेव्हा याचिकेवर त्याचीही सही लागते. नाहीतर सरळ लोकसभेच्या महासचिवांकडं, म्हणजे लोकसभा सचिवालयाच्या प्रमुखांकडं, पाठवायची, ते सभागृहाला कळवतात. खासदाराकडं जाणार असाल तर जिल्हा आणि मतदारसंघ यात गल्लत करू नका, बार्शी धाराशिव लोकसभेत आहे, सांगोला, करमाळा, माढा, माळशिरस हे माढा लोकसभेत, आणि पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट सोलापूर लोकसभेत. याचिका आपल्याच खासदारानं मांडली पाहिजे असा नियम नाही, पण बार्शीचा माणूस सोलापूरच्या कार्यालयात गेला की त्याला परत पाठवतात आणि त्याचा दिवस जातो. राज्यसभेतही याचिका देता येते, तिथं वेगळी समिती आहे, १० जणांची.

खासदारानं मांडली म्हणजे भाषण होईल असं समजू नका. एवढ्या लोकांच्या सहीची अमुक विषयावरची याचिका मांडतो, एवढं एक वाक्य तो बोलतो, त्यावर चर्चा होत नाही, आणि ती समितीकडं जाते. टीव्हीवर दिसलं नाही म्हणून खासदारानं फसवलं असं बोलणारे भेटतात, तसं नसतं.

वेळेचं बघा. सभागृह चालू असेल तेव्हाच मांडता येते, म्हणजे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात. विधेयकावर बोलायचं असेल तर ते मंजूर व्हायच्या आधी. लोक कायदा झाला की जागे होतात आणि विधेयकाविरुद्ध याचिका लिहितात, तोवर सभागृहापुढं विधेयकच उरलेलं नसतं.

आणि एक, ती "प्रत माहितीसाठी" ची सवय. अर्ज कलेक्टरला किंवा मंत्र्याला उद्देशून लिहायचा आणि खाली प्रत लोकसभा अध्यक्षांना. त्या प्रतीवर अध्यक्षांकडं किंवा सभागृहाकडं वेगळी, स्पष्ट मागणी लिहिलेली नसेल तर समिती ती विचारात घेत नाही. निनावी, खोट्या नावाची, पत्ता वाचता न येणारी पत्रंही तशीच बाजूला जातात.

एकदा समितीकडं गेली की समिती संबंधित मंत्रालयाकडून म्हणणं मागवते, गरज वाटली तर याचिका करणाऱ्यांनाही बोलावते आणि सभागृहाला अहवाल देते. याला वेळ लागतो. तोवर पाठवलेल्या सगळ्या पानांची, भाषांतरासकट, एक झेरॉक्स स्वतःकडं ठेवा, आणि पत्र येईल त्या पत्त्यावर कोण राहतंय ते आधीच ठरवून घ्या, भाड्याच्या खोलीचा पत्ता देऊ नका.