टेक्सासच्या आमदाराची प्राधान्ययादी येते कुठून?

फ्रिस्को, आयर्विंग, शुगर लँड, केटी किंवा राउंड रॉकला राहणाऱ्या मराठी घरांत दर विषम वर्षी, जानेवारी ते जूनच्या दरम्यान, मतदारसंघातल्या आमदाराची ई-मेल पत्रे येऊन पडतात. आमदार रिपब्लिकन असेल तर मजकूर साधारण ठरलेला: मालमत्ता कर कमी केला, सीमा सुरक्षित केली, पालकांना शाळा निवडण्याचा हक्क दिला. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह प्राधान्ये’ हे शब्द हमखास ठळक अक्षरांत. आपल्याकडच्या आमदाराच्या कार्यअहवालात रस्ते, समाजमंदिरे आणि निधीचे आकडे असतात. इथे विधेयकांचे क्रमांक आणि त्यापुढे ‘मी बाजूने मत दिले’. वाचणाऱ्याला वाटते, ही यादी आमदाराने स्वतः बसून केली असेल. तसे क्वचितच होते.

मुळात यादीची गरज पडते ती वेळेच्या टंचाईमुळे. राज्याचे सध्याचे संविधान १८७६ चे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात सरकारने फार अधिकार वापरले, हा राग ते लिहिणाऱ्यांच्या मनात ताजा होता. त्यांनी कायदेमंडळाचे हातपाय बांधून ठेवले ते आजतागायत. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस. आमदाराचा पगार वर्षाला ७,२०० डॉलर, शिवाय अधिवेशनातला दैनिक भत्ता. पहिल्या ६० दिवसांत गव्हर्नरने ‘तातडीचे’ ठरवलेले विषय सोडले तर सहसा काही मंजूर करता येत नाही. विधेयके मात्र हजारोंनी दाखल होतात आणि मे महिन्याच्या मुदती उलटल्या की त्यांतली बहुतेक आपोआप मरतात. सभागृहाच्या कामकाजाच्या यादीवर विधेयक कधी घ्यायचे हे ठरवणारी एक वेगळी समिती आहे, आणि तिच्याकडे अडकूनही अनेक विधेयके मरतात. त्यामुळे ‘प्राधान्य’ म्हणजे इथे रांगेतला नंबर.

तो नंबर देणारे चार जण आहेत. गव्हर्नर तातडीचे विषय जाहीर करतात. २०२५ मध्ये ते सात होते. सिनेटचे अध्यक्षपद भूषवणारे लेफ्टनंट गव्हर्नर सुरुवातीचे क्रमांक आपल्या विधेयकांसाठी राखून ठेवतात, म्हणून ‘एसबी’पुढचा (म्हणजे सिनेटच्या विधेयकाचा) आकडा लहान असला की ते विधेयक कोणाच्या मर्जीतले हे कळते. प्रतिनिधीगृहाचे सभापतीही तसेच करतात. चौथी यादी रिपब्लिकन पक्षाची. सम वर्षी होणाऱ्या राज्य-अधिवेशनात जमलेले हजारो प्रतिनिधी ती मतदानाने निवडतात. अलीकडे तीत आठ विषय असतात. पहिल्या तीन याद्या विधिमंडळ चालवणाऱ्यांच्या आहेत. चौथी त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांची आहे, आणि आमदाराला प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मते हवी असतात ती याच लोकांची.

यात २००७ च्या एका घटनादुरुस्तीने भर घातली. तोवर अनेक विधेयके आवाजी मतदानाने पार होत. त्यानंतर अंतिम मंजुरीच्या वेळी नावानिशी मत नोंदवणे आणि ते इंटरनेटवर ठेवणे बंधनकारक झाले. पारदर्शकतेची ही मागणी रास्तच होती. पण नोंद हाताशी आली म्हणताच निरनिराळ्या गटांनी आमदारांना शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. आज पत्रात ‘अमुक गटाने मला इतके गुण दिले’ हे वाक्य असते ते त्यामुळेच. निधी गोळा करण्यावर अधिवेशनाच्या तीस दिवस आधीपासून बंदी असते, तेव्हा त्या काळात मतदारांपर्यंत पोहोचायला पत्र हेच स्वस्तातले साधन उरते.

आता पक्षाच्या यादीतल्या त्या एका कलमाकडे, ज्यावर गेल्या दहा वर्षांत सर्वात जास्त शाई सांडली. त्याचा कराशी, शाळेशी, सीमेशी काही संबंध नाही. ते आहे: डेमोक्रॅट आमदाराला समितीचे अध्यक्षपद देऊ नका.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण मुळात विरोधकाला समिती देतातच का, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे लोकलेखा समिती विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. लोकसभेत तो १९६७ पासून पाळला जातो. पण ती समिती झालेल्या खर्चाची तपासणी करते, विधेयक अडवत नाही. टेक्सासच्या प्रतिनिधीगृहात समितीचा अध्यक्ष विधेयकाची सुनावणी लावायची की नाही हे ठरवतो. सुनावणी नाही म्हणजे मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे गुणपत्रिकेवर कोणाचेच नाव खराब होत नाही. दुसरा फरक पक्षादेशाचा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यासारखे तिथे काही नाही. १५० सदस्यांनी मिळून सभापती निवडायचा असतो आणि कोणी कोणालाही मत देऊ शकतो. त्यामुळे सभापतिपदाचा उमेदवार दोन्ही बाकांवर फिरतो. अध्यक्षपदे ही त्या व्यवहारातली चलनी नोट.

ही पद्धत डेमोक्रॅटांनीच रूढ केली. शतकाहून अधिक काळ सभागृह त्यांच्या ताब्यात होते आणि त्यांचे सभापती रिपब्लिकनांना अध्यक्षपदे देत. नव्वदच्या दशकात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या गव्हर्नरांना याच व्यवस्थेचा फायदा झाला. २००२ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी पुनर्रचनेच्या काळानंतर पहिल्यांदा प्रतिनिधीगृह जिंकले. नव्या सभापतींनीही काही समित्या डेमोक्रॅटांकडे ठेवल्या, फारशी ओरड झाली नाही.

ओरड सुरू झाली २००९ पासून. बळ ७६ विरुद्ध ७४ असे काठावर आले होते. अकरा रिपब्लिकनांनी आपल्याच सभापतींविरुद्ध बंड केले आणि डेमोक्रॅटांच्या साथीने सॅन अँटोनियोचा एक मवाळ रिपब्लिकन त्या खुर्चीवर बसवला. पुढच्याच निवडणुकीत पक्ष शंभराच्या आसपास पोहोचला. सभापती तेच राहिले आणि डेमोक्रॅट अध्यक्षही राहिले. बहुमत असताना वाटणी कशाला, हा कार्यकर्त्यांचा सवाल तेव्हाचा. २०१७ मध्ये स्वच्छतागृहांच्या वापरावरचे विधेयक सिनेटने मंजूर केले, प्रतिनिधीगृहाने ते विशेष अधिवेशनातही पुढे सरकू दिले नाही. त्या सभापतींनी पुढची निवडणूक लढवली नाही. अध्यक्षपदांचा मुद्दा मात्र पक्षाच्या यादीत जाऊन बसला.

वस्तुस्थिती काय होती? २०२१ मध्ये ३४ पैकी तेरा समित्यांवर डेमोक्रॅट अध्यक्ष होते. त्याच वर्षी परवान्याविना पिस्तूल बाळगण्याची मुभा, सुमारे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आणि मतदानाचे कडक नियम हे तिन्ही कायदे झाले. शेवटच्यासाठी डेमोक्रॅट सदस्य गणपूर्ती मोडून वॉशिंग्टनला निघून गेले, तरी तो झालाच. कॉन्झर्व्हेटिव्ह कार्यक्रम डेमोक्रॅट अध्यक्षांमुळे अडला, हा दावा त्या वर्षाच्या कायद्यांच्या यादीशी जुळवणे अवघड आहे. सिनेटमध्ये तर फौजदारी न्याय समिती तीसेक वर्षे ह्यूस्टनच्या एका डेमोक्रॅट सदस्याकडे होती आणि त्यावर प्रतिनिधीगृहाइतका गदारोळ कधी झाला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही आहे: जी विधेयके सुनावणीलाच आली नाहीत, त्यांचा हिशेब झालेल्या कायद्यांच्या यादीवरून कसा मांडणार? त्यात तथ्य आहे. मात्र सुनावणीअभावी मेलेली अशी विधेयके रिपब्लिकन अध्यक्षांच्या समित्यांतही काही कमी नव्हती.

२०२३ मध्ये बंदीची सूचना मांडली गेली. तांत्रिक हरकतीवर ती बाद झाली, मतदान झालेच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिनिधीगृहाने आपल्याच पक्षाच्या अॅटर्नी जनरलवर १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग आणला आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने त्यांना निर्दोष सोडले. २०२४ च्या प्रायमरीत याचे उट्टे निघाले. खुद्द सभापती दुसऱ्या फेरीत चारशेहूनही कमी मतांनी वाचले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी सभापतिपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. पक्षाच्या आमदारगटाने एका उमेदवाराला पाठिंबा दिला. १४ जानेवारी २०२५ ला निवडून आला दुसराच, ८५ विरुद्ध ५५. त्या ८५ पैकी ४९ मते डेमोक्रॅटांची.

आणि याच सभापतींच्या कारकिर्दीत, नऊ दिवसांनी, बंदी आली. नवे नियम ११६ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाले: अध्यक्ष बहुमतातल्या पक्षाचाच, उपाध्यक्ष अल्पमतातल्या पक्षाचा, आणि उपाध्यक्षाला पूर्वीपेक्षा जास्त अधिकार. त्या आठवड्यातल्या पत्रांत काहींनी ‘वचनपूर्ती’ लिहिले, काहींनी ‘धूळफेक’. दोघेही रिपब्लिकन, आणि बोलत होते एकाच नियमाबद्दल.

बाकीच्या कलमांचा प्रवास तुलनेने सरळ आहे. खासगी शाळांसाठी सरकारी पैसा देण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२३ मध्ये ८४ विरुद्ध ६३ असा पडला, कारण २१ रिपब्लिकन डेमोक्रॅटांच्या बाजूला गेले. त्यांतले बरेच ग्रामीण भागातले. तिथे खासगी शाळा जवळपास नसतात आणि सरकारी शाळा हाच अनेकदा गावातला सर्वात मोठा रोजगार. गव्हर्नरांनी पुढच्या प्रायमरीत त्यांच्यातल्या अनेकांविरुद्ध स्वतः प्रचार केला. एप्रिल २०२५ मध्ये तोच प्रस्ताव ८६ विरुद्ध ६१ असा पार झाला, ३ मे ला त्यावर सही झाली. तरतूद एक अब्ज डॉलरची, बहुतेक मुलांना वर्षाला साधारण दहा हजार.

मालमत्ता कराचे कलम सगळ्यांनाच प्रिय. राज्यात आयकर नाही आणि राज्य सरकार स्वतः मालमत्ता करही लावत नाही. तो लावतात सरकारी शाळा चालवणारे स्थानिक शाळा-जिल्हे, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), शहरे. आमदार ‘कर कमी केला’ म्हणतो तेव्हा राज्याच्या तिजोरीतून शाळांची तूट भरून दिलेली असते. राहत्या घराच्या किमतीतून शाळेच्या करासाठी वगळायची रक्कम १९९७ मध्ये १५,००० डॉलर झाली, २०१५ मध्ये २५,०००, २०२२ मध्ये ४०,०००, २०२३ मध्ये एक लाख आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर १,४०,०००. ही सवलत एच-वन-बीवरच्या घरमालकालाही मिळते, नागरिकत्वाची अट नाही. ती वाढवायची का, हे ठरवणाऱ्या मतदानात मात्र त्याला भाग नाही. भाडेकरूच्या हाती यातले थेट काहीच पडत नाही, आणि पत्रांत ती ओळ सहसा नसते.

चार याद्या एकमेकींवर आदळल्या की काय होते, हे २०२५ च्या जूनमध्ये दिसले. भांगेपासून काढलेल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या विक्रीवर बंदी हे लेफ्टनंट गव्हर्नरांचे लाडके विधेयक, क्रमांक एसबी ३. दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, आमदारांनी पत्रांत मिरवले. २२ जूनच्या रात्री, मुदत संपता संपता, गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. जुलैतल्या विशेष अधिवेशनात तो विषय पुन्हा आला खरा, पण लोकसभेसारख्या केंद्रीय सभागृहाच्या मतदारसंघांच्या नव्या नकाशावरून डेमोक्रॅट सदस्य इलिनॉयला निघून गेले आणि पत्रांचा विषयच बदलला. नकाशा ऑगस्टमध्ये मंजूर झाला, टीएचसीवरची बंदी झाली नाही.

आणि एक कलम जिथल्या तिथे आहे. शहरे आणि काउंट्या करदात्यांच्या पैशातून लॉबिंग करतात, ते बंद करा. २०१९ मध्ये हे विधेयक प्रतिनिधीगृहात मतदानात आपटले. २०२३ आणि २०२५ मध्ये सिनेटने मंजूर केले, प्रतिनिधीगृहात त्यावर अंतिम मतदान झाले नाही. त्याला विरोध करणारे काउंटी न्यायाधीश (नाव न्यायाधीशाचे, काम काउंटीच्या प्रशासनप्रमुखाचे) आणि महापौर बऱ्याच ठिकाणी रिपब्लिकनच असतात, आणि आमदाराला त्यांच्याच गावात मते मागायची असतात. पुढचे नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला भरेल.