नाटक आणि सत्ता : कोल्हापूरकडून बघताना

साहित्य, रंगभूमी आणि राज्यकारभार यांचं आपसात नेमकं काय नातं असतं, ते तपासणाऱ्या अभ्यासाला इथं 'नाटक आणि सत्ता' असं म्हणू. वर्गात नाटक शिकवताना संहिता, पात्रं, संवाद, रस एवढ्यावरच तास संपतो. हा अभ्यास मात्र बाहेरचे प्रश्न विचारतो, म्हणजे थेटर कुणी बांधलं, जागा कुणाच्या मालकीची, प्रयोगाला परवानगी कोण देतं, तिकीट कुणाला परवडतं, स्टेजवर कोण चढतं आणि कोण जन्मभर विंगेत उभं राहून पडदा ओढतं. सत्ता म्हणजे फक्त सरकार असंही नाही, जात, पैसा, पुरुषपण, भाषा हे सगळं त्यात येतं.

या विषयावर लिहिताना बहुतेक जण थेट बंदीपासून सुरुवात करतात, अमुक नाटक बंद पाडलं, तमुक लेखक तुरुंगात गेला. ते महत्त्वाचं आहेच, पण सत्ता नाटक नुसतं बंद पाडत नाही, ती नाटकाला घरही बांधून देते, आणि ही दुसरी बाजू बघायची असेल तर कोल्हापूरसारखं गाव नाही. म्हणून ही नोंद इथूनच सुरू करू.

पॅलेस थिएटर

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपला गेले होते. त्या दौऱ्यात रोमचं जुनं आखाड्याचं मैदान बघून त्यांच्या मनात खासबाग मैदानाची कल्पना आली असं सांगतात. १९१२ च्या सुमारास कुस्तीचं मैदान तयार झालं आणि त्याला लागूनच १९१३ मध्ये नाट्यगृहाचं काम सुरू झालं, ते १९१५ मध्ये पुरं झालं. नाव पॅलेस थिएटर. आज आपण त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो.

आता ही रचना जरा नीट बघा. एका अंगाला तांबडी माती, दुसऱ्या अंगाला रंगमंच, दोघांची पाठ एकमेकाला लागलेली. ज्या राजानं पैलवानांना खुराक दिला त्याच राजानं गवयांना आणि नटांना आसरा दिला, अल्लादिया खाँसाहेब याच दरबारात होते. पुण्या-मुंबईत नाटक हा शिकलेल्या पांढरपेशा लोकांचा शौक होत चालला होता त्याच काळात इथं कुस्तीचा प्रेक्षक आणि नाटकाचा प्रेक्षक एकाच आवारात येत होता. माझ्या मते कोल्हापूरच्या प्रेक्षकाचा मोकळेपणा, आवडलं तर जाग्यावरून दाद आणि नाही आवडलं तर तेही तोंडावर, हा याच शेजारातून आलाय.

पण राजाश्रय म्हणजे उपकार एवढंच नसतं, अभ्यासक इथंच थांबून विचारतात की राजा हे का करतो. शाहूंच्या बाबतीत उत्तर सरळ नाही. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणानंतर, म्हणजे राजासाठी वेदमंत्र म्हणायला पुरोहितांनी नकार दिल्यावर, त्यांचा संघर्ष उघड झाला होता, २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला, १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली ती त्यांच्याच पाठबळावर. नाट्यगृह या सगळ्यापासून सुटं काढून बघता येत नाही. संस्थानिक म्हणून ते ब्रिटिशांच्या अंमलाखाली होते, आणि तरी गावात कोण मोठं कोण लहान हे ठरवण्याची जुनी ताकद ज्यांच्या हातात होती त्यांच्याशी ते झगडत होते. एकाच माणसात सत्ता आणि सत्तेला विरोध दोन्ही होतं, पुस्तकातल्या साच्यात हे सहज बसत नाही आणि म्हणूनच ते अभ्यासायला लागतं.

संस्थानिक आणि नाटक हे नातं त्याच्याही आधीचं आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते शेजारच्या सांगलीत, तिथल्या पटवर्धन राजांच्या सांगण्यावरून. मराठी रंगभूमीची पहिली पायरीच राजवाड्यात आहे.

आणि त्याच्या अगदी उलट गोष्ट १८५५ ची. महात्मा फुल्यांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिलं, अडाणी शेतकरी जोडप्याला भटजी कसं नाडतो आणि शिक्षणानं त्यांचे डोळे कसे उघडतात याचं. पुस्तकांना सरकारी बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं, कमिटीनं ते नाकारलं. बंदी नाही, अटक नाही, नुसतं बक्षीस नाही दिलं आणि नाटक शतकाहून जास्त काळ अंधारात राहिलं, छापून आलं ते १९७९ मध्ये. सत्ता म्हणजे काय हे कुणाला एका उदाहरणात समजवायचं असेल तर मी हेच सांगेन.

केशवराव

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० ला कोल्हापुरात झाला. गरिबीचं घर, लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि देवलांच्या शारदा नाटकात शारदा उभी करून त्यांनी नाव काढलं. म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख एक पोरगा साडी नेसून गातोय आणि समोर बसलेली बापमंडळी रडतायत, कारण बाईला स्टेजवर यायची मुभा नव्हती. बाईची बाजू मांडणाऱ्या नाटकात बाईच नाही, लिंग आणि सत्ता यावर लिहिणारे या जागी नेहमी अडखळतात. (१९२९ चा बालविवाहाचा शारदा कायदा या नाटकावरून आला अशी समजूत घराघरात आहे, ती चुकीची आहे, ते नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडलं. पण लोकांना तसं वाटावं यातच नाटकाचा जोर दिसतो.)

१९०८ मध्ये केशवरावांनी हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमानचा प्रयोग झाला, धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. दोन मंडळ्यांची चढाओढ एवढी की दोघे एका स्टेजवर येतील हे कुणाला खरं वाटत नव्हतं, पुढच्या तिकिटाचा दर १०० रुपये, तरी थेटर भरलं. मानापमानच्या पदांना चाली दिल्या होत्या कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंब्यांनी. संहितेत स्वराज्याचा शब्द नाही, मानापमान हे तसं प्रेमाचंच नाटक, पण त्या रात्री तिकीट काढणं हेच राजकारण झालं. नुसती संहिता वाचणाऱ्याच्या हाती हे कधीच लागणार नाही. तीन महिन्यांनी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय अवघं ३१.

परवानगी

नाटकाला आधी सरकारी परवाना ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली. त्यांच्या देशात १७३७ पासून संहिता राजवाड्यातल्या अधिकाऱ्याकडून पास करून घ्यावी लागत असे, ही पद्धत १९६८ ला बंद झाली. भारतात १८७६ मध्ये नाट्यप्रयोग कायदा आला. त्याचा मराठीतला सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे खाडिलकरांचं कीचकवध, १९०७ चं. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, हे कुणी न सांगता पिटातल्या माणसाला कळत होतं. सरकारला ते उशिरा कळलं, १९१० मध्ये बंदी आली.

इंग्रज गेले तरी परवाना राहिला. महाराष्ट्रात आजही संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, नाटकवाले सरळ 'सेन्सॉरला टाकलंय' म्हणतात, आणि राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक हौशी संस्थेला ते सर्टिफिकेट जपून ठेवावं लागतं. तेंडुलकरांच्या गिधाडे नाटकात गर्भपात झालेल्या बाईच्या साडीवर लाल डाग दाखवायला सेन्सॉरनं हरकत घेतली, तर डॉ. लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायला लागले की सेन्सॉरच्या सांगण्यावरून तो निळा केलाय, तुम्ही लाल समजा. एका रंगाच्या डागात सगळं प्रकरण आलं, सरकारनं रक्त पुसलं आणि प्रेक्षकांनी ते मनानं परत लावलं. सखाराम बाइंडरसाठी कमलाकर सारंग हायकोर्टापर्यंत गेले. घाशीराम कोतवाल १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात आलं, १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलं आणि मग कलाकारांनी वेगळी संस्था काढून ते चालू ठेवलं. इथं बंद पाडणारा हात सरकारचा नव्हता हे लक्षात ठेवावं.

जलसा, कलापथक, रस्ता

थेटरच्या बाहेरही नाटक होतं आणि माझा जीव खरा या भागात आहे. सत्यशोधकी जलसेवाल्यांनी तमाशाचा साचा तसाच घेतला, ढोलकी तीच, सोंगाड्या तोच, विषय मात्र सावकार, भटजी, लग्नातली उधळपट्टी, पोरांचं शिक्षण. कोल्हापूर, सातारा, सांगली पट्ट्यातल्या गावांत वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत फुले पोचले ते असे. पुढे आंबेडकरी जलसे आले, १९४४ मध्ये वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांनी १९७६ च्या पुस्तकात ब्राह्मणेतर चळवळीला सांस्कृतिक बंड म्हटलं, त्या आमच्या शेजारच्या कासेगावात राहिल्या आणि अमेरिकेत जन्मलेली ही बाई इथल्या मातीचीच होऊन गेली. इतके दिवस नाटकाच्या इतिहासात जलसा म्हणजे तळटीप असायची, ती वर यायला लागली त्यात त्यांच्यासारख्यांचा मोठा वाटा आहे.

रस्त्यावरच्या नाटकाची किंमत जिवानंही द्यावी लागते. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीशेजारच्या साहिबाबादजवळ प्रयोग चालू असताना पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ तारखेला त्यांच्या पत्नी मलयश्री यांनी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेलं नाटक पुरं केलं. कोल्हापूरकरांना हे वाचताना कॉम्रेड गोविंद पानसरे आठवतातच. 'शिवाजी कोण होता?' ही त्यांची छोटी पुस्तिका भाषणातून आली आणि घराघरात गेली. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्यानंतर इथल्या कार्यकर्त्यांनी निर्भय मॉर्निंग वॉक काढला. हातात फलक, तोंडात गाणी आणि तीच सकाळची वेळ. ज्या साध्या चालण्यावर हल्ला झाला तेच चालणं सगळ्यांसमोर पुन्हा करायचं, नाट्यशास्त्राच्या भाषेत याला प्रयोगच म्हणतात.

जगातले अभ्यासक काय म्हणतात

या विषयाला आजचं रूप आलं ते १९८० च्या आसपास. फ्रान्सच्या मिशेल फूकोनं सांगितलं की सत्ता वरून खाली येणारा दंडा नसते, ती शाळा, दवाखाना, तुरुंग, बोलणं सगळ्यात झिरपलेली असते. त्याचा धागा धरून अमेरिकेच्या स्टीफन ग्रीनब्लाटनं शेक्सपिअर नव्यानं वाचला. त्याची आवडती गोष्ट १६०१ ची. एसेक्सच्या उमरावाच्या माणसांनी नटांना ४० शिलिंग जादा देऊन राजाला पदावरून काढण्याचं शेक्सपिअरचं जुनं नाटक करायला लावलं, दुसऱ्या दिवशी बंड केलं, बंड फसलं. ग्रीनब्लाटचं म्हणणं असं की सत्ता स्वतःच विरोधाला थोडी जागा देते आणि मग त्याला पोटात घेते. मला हे अर्धंच पटतं. जलशांनी इथली सत्ता खरोखर हलवली, ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांच्या काळातलं राजकारण बघितलं तर ते कुणाच्या पोटात गेलेलं दिसत नाही.

केनियाचा लेखक न्गुगी वा थिओंगो याचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. १९७७ मध्ये त्यानं कामिरीथू गावात शेतकरी-कामगारांना घेऊन गिकुयु भाषेत नाटक केलं, उघडं थेटर गावकऱ्यांनीच उभारलं. इंग्रजीत तो वर्षानुवर्षं सरकारवर लिहीत होता तेव्हा कुणी हात लावला नाही, मायबोलीत गावकऱ्यांसमोर केलं तर वर्षअखेरीस अटक, जवळजवळ वर्षभर तुरुंग, तिथं त्यानं टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली. १९८२ मध्ये सरकारनं ते थेटरच पाडून टाकलं. ब्राझीलचा नाटकवाला बोआल, आपल्याकडे नाटकाचे अभ्यासक रुस्तम भरुचा, नंदी भाटिया, आणि इंग्रजी साहित्य शिकवणं हेच राज्य करण्याचं हत्यार कसं होतं ते १९८९ मध्ये मांडणाऱ्या गौरी विश्वनाथन हेही वाचायलाच पाहिजेत. शिवाजी विद्यापीठात मराठी, इंग्रजी आणि संगीत-नाट्यशास्त्र असे अधिविभाग वेगवेगळे आहेत, आणि हा विषय नेमका तिन्हीच्या मधल्या रस्त्यावर पडतो.

आग आणि नंतर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृहाला आग लागली. लाकडी रंगमंच, छत, खुर्च्या सगळं गेलं, पुढची दगडी बाजू तेवढी उभी राहिली. लोक रस्त्यात उभं राहून रडत होते, त्यात कधी तिकीट काढून नाटक न बघितलेलेही होते. लगेच मागणी आली की होतं तसंच बांधा. मधल्या काळात इथल्या संस्थांना प्रयोगासाठी दुसऱ्या जागा शोधाव्या लागल्या, आणि जागा नसली की नाटकाचं काय होतं हे पुस्तक न वाचता सगळ्या गावाला कळलं.

अभ्यासाच्या दृष्टीनं आता निकड आहे ती कागदांची. कोल्हापुरात जुन्या नाटकवाल्यांच्या घरी माळ्यावर ट्रंका आहेत, त्यात हँडबिलं, भाड्याच्या पावत्या, अर्धी फाडलेली तिकिटं, सेन्सॉरचा शिक्का मारलेल्या आणि लाल पेन्सिलीनं वाक्यं खोडलेल्या संहिता. कुणाकडे असं काही असेल तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, खोडलेली पानं आधी.