बाळंतपणातली भूल: औषधाचं नाव मोठं की टक्का?

कोल्हापुरात कळा कमी करायला कमरेतलं इंजेक्शन द्यायचं ठरलं, की लेबर रूमबाहेर बसलेल्या आईचा किंवा सासूचा पहिला प्रश्न दुखण्याबद्दल नसतो. ‘पाय लुळं पडणार न्हाईत न्हवं?’ आणि लगेच, ‘जोर लावाय जमंल न्हवं तिला?’ ही भीती अडाणीपणाची नाही. एपिड्युरलमधून, म्हणजे याच कमरेतल्या इंजेक्शनमधून, पूर्वी जितकं तीव्र औषध दिलं जायचं, त्यानं पाय खरोखरच जड पडायचे.

क्लोरोफॉर्म आणि कोकेनच्या काळात फार रेंगाळायला नको. १९४८मध्ये बाजारात आलेलं लिग्नोकेन दातांच्या दवाखान्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते पटकन लागू पडतं, पण तासाभरात उतरतं आणि पुन्हा पुन्हा दिलं की दर वेळी आधीपेक्षा कमी चालतं. दहा-बारा तास कळा सोसणाऱ्या पहिलटकरणीला ते पुरत नाही. मेपिव्हकेन बाळाच्या शरीरातून बाहेर पडायला फार वेळ घेई, म्हणून ते मागे पडलं. १९५७मध्ये तयार झालेलं ब्युपिव्हकेन साठच्या दशकात वापरात आलं आणि प्रसूतीसाठी हेच औषध, असं वाटू लागलं. ते दीड-दोन तास टिकतं, रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटत असल्यामुळे वारेतून बाळाकडे कमी जातं, आणि पातळ करून दिलं तर वेदना आधी जाते, पायातली ताकद बरीचशी राहते.

मग १९७९ साल आलं. अमेरिकेतल्या एका भूलतज्ज्ञानं व्यावसायिक नियतकालिकाच्या संपादकीयात इशारा दिला, की हे औषध चुकून शिरेत गेलं तर फिट येणं आणि हृदय बंद पडणं जवळजवळ एकाच वेळी होतं, आणि बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू करणं अतिशय अवघड जातं. पुढे गर्भवतींच्या मृत्यूंच्या नोंदी पुढे आल्या. त्यांत ०.७५ टक्के तीव्रतेचं औषध वारंवार दिसलं. १९८३-८४मध्ये तिथल्या औषध नियामकानं प्रसूतीसाठी ही तीव्रता नको, असं ठरवलं.

या निर्णयावर आजही दोन मतं आहेत. २० मिली ०.७५ टक्के म्हणजे १५० मिलिग्रॅम औषध. ते एकदम शिरेत गेलं तर धोका आहेच. पण तो धोका टक्क्याचा, की सुई शिरेत आहे का हे न तपासता सगळं एकदम ढकलण्याचा? गर्भवतीच्या मणक्याभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतात, त्यामुळे कॅथेटर, म्हणजे औषध देण्यासाठी कमरेत ठेवलेली बारीक नळी, शिरेत शिरण्याची शक्यता जास्त. ती उताणी असेल तर गर्भाशयाच्या वजनानं मोठ्या रक्तवाहिन्या दबतात आणि छातीवर दाब देऊनही रक्त नीट फिरत नाही. त्याच वर्षांत आधी छोटा चाचणी डोस द्यायची आणि उरलेलं औषध थोडं थोडं करून द्यायची शिस्त रुजली. मृत्यू घटले, पण श्रेय बंदीचं किती आणि शिस्तीचं किती, हे वेगळं करून दाखवता येत नाही. माझं मत शिस्तीकडे झुकतं. शिवाय ०.७५ टक्के वापरलं जाई ते मुख्यतः सिझेरियनसाठी. नुसत्या कळा कमी करायला एवढ्या तीव्र औषधाची गरज कधीच नव्हती.

बंदीनं टक्का गेला, पण बदनामी औषधाच्या नावाची झाली. म्हणून नव्या औषधांचा शोध सुरू झाला. ब्युपिव्हकेनच्या रेणूची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. त्यांतलं उजवं रूप हृदयाला जास्त छळतं. ते वगळून लेव्होब्युपिव्हकेन आलं. नव्वदच्या दशकात आलेलं रोपिव्हकेनही एकाच रूपाचं. त्यानं पाय मोकळे राहतात, असं जोरात सांगितलं गेलं. १९९९मध्ये मात्र दोन अभ्यासांत दिसलं, की तेवढीच वेदना घालवायला रोपिव्हकेन बरंच जास्त लागतं. तेव्हा सारख्या टक्क्याची तुलना म्हणजे सारख्या ताकदीची तुलना नव्हे. आणि आजच्या पातळ, ०.१ टक्क्याच्या मिश्रणात मुळात औषधच इतकं कमी जातं, की नव्याची जादा किंमत मोजायचं सबळ कारण मला तरी दिसत नाही.

खरा बदल औषध पातळ करण्यानं झाला. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत हजाराहून अधिक पहिलटकरणी होत्या. जुन्या ०.२५ टक्के पद्धतीत ३५ टक्के जणींची प्रसूती चिमटा किंवा व्हॅक्यूमशिवाय नैसर्गिक झाली, तर पातळ औषधात फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) मिसळलेल्या गटांत सुमारे ४३ टक्के. सिझेरियनच्या प्रमाणात फरक पडला नाही. आपल्याकडे फेंटानिल मिळवणं परवान्यांच्या जंजाळामुळे कठीण होतं. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीनंतर ते थोडं सुटसुटीत झालं.

प्रत्यक्षात २० मिलीच्या सिरिंजमध्ये ०.५ टक्के ब्युपिव्हकेन ४ मिली, फेंटानिल ०.८ मिली आणि बाकी सलाइन असं मिश्रण बनतं. भरताना अँप्युलवरचा ‘हेवी’ शब्द डोळ्यांसमोर धरून वाचावा लागतो. हेवी म्हणजे जोरदार नव्हे. त्यात साखर मिसळलेली असल्यामुळे ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड असतं, एवढंच. ते सिझेरियनच्या एका सुईतल्या भुलेसाठी असतं, एपिड्युरल कॅथेटरसाठी नाही. नातेवाईक मात्र तो शब्द ऐकून ‘हेवी नको, साधं द्या’ म्हणतात, आणि त्यांना हा फरक सांगायला दोन मिनिटं द्यावीच लागतात.

राजारामपुरी-शाहूपुरीतली छोटी प्रसूतिगृहं असोत की गडहिंग्लजचं एखादं, भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून बोलावलेला असतो. कॅथेटर बसवून तो दुसऱ्या शस्त्रक्रियेला गेला, तर पुढचा डोस कोण देणार? पंप असेल तर ठरलेल्या वेळी थोडं थोडं औषध जात राहतं. पण रक्तदाब मोजायला, बाळाचे ठोके ऐकायला आणि पाय हलतात का ते पाहायला माणूस लागतोच. तो नसेल, तर कुठलंही औषध निवडलं तरी ते सुरू करू नये.