वळणावर किती जी? एका आकड्यामागचा इतिहास

फॉर्म्युला वन ५ जी, गो-कार्ट २ जी, रस्त्यावरची चांगली हॅचबॅक ०.८५ जी, मातीवर धावणारी रॅलीची गाडी त्याहूनही कमी. वळण घेताना कोणती गाडी बाजूचा किती जोर पेलते, हे जीमध्ये (१ जी म्हणजे गुरुत्वीय त्वरणाएवढं त्वरण) सांगणारी ही यादी नाशिकमध्ये मोटरस्पोर्टची आवड असलेल्या मुलांना पाठ असते. सातपूर आणि अंबडमध्ये घरटी कुणी ना कुणी गाड्यांच्या किंवा सुट्या भागांच्या कारखान्यात काम केलेलं असतं, त्यामुळे या गप्पा इथे मनापासून रंगतात. यादीतले आकडे ढोबळमानाने बरोबरच आहेत. अडचण अशी की ते वेगवेगळ्या वेगांना, वेगवेगळ्या रस्त्यांवर आणि वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले आहेत. कोणता आकडा कुठून आला हे समजून घेतलं, तरच त्यांची तुलना करता येते.

मूळ गणित साडेतीन शतकांपूर्वीचं आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ मध्ये वर्तुळाकार गतीचा नियम शोधला आणि १६७३ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला. वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागलं की केंद्राकडे लागणारं त्वरण मिळतं. त्याला गुरुत्वीय त्वरणाने, म्हणजे ९.८१ ने भागलं की आकडा जीमध्ये येतो. कसारा घाटात ५० मीटर त्रिज्येचं एखादं वळण आहे असं धरू. ताशी ५० किलोमीटरने ते घेतलं तर सुमारे ०.४ जी लागतात आणि टायर ते सहज पेलतात. तेच ७५ ने घेतलं तर ०.८८ जी लागतात, म्हणजे साध्या टायरची कोरड्या डांबरावरची जवळजवळ सगळी पकड संपते. वेग दीडपट झाला की गरज सव्वादोन पट होते. घाटात गाडी ‘अचानक’ सुटली असं लोक सांगतात, त्यामागे बहुतेक वेळा हा वर्ग असतो.

इथेच एक फरक लक्षात घ्यायला हवा. जी हे त्वरणाचं माप आहे, बलाचं नाही. दोन टनांची एसयूव्ही ०.८ जीने वळते तेव्हा तिच्या टायरांवर बाजूने जवळपास १५,७०० न्यूटन बल येतं. चालकासह १६० किलोची कार्ट २ जीने वळते तेव्हा ते ३,१०० न्यूटनच्या आसपास असतं. यादीत कार्ट वर आहे, पण टायर, बेअरिंग आणि सस्पेन्शनवरचा भार पाहिला तर एसयूव्ही कितीतरी पुढे आहे. ‘कोणत्या गाडीवर जास्त बल येतं’ आणि ‘कोणती गाडी जास्त जी खेचते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता मर्यादा कुठून येते ते पाहू. फ्रान्समध्ये आमाँताँने १६९९ मध्ये आणि कूलाँने १७८५ मध्ये घर्षणाचे नियम मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. गाड्या या नियमाने चालल्या असत्या तर वजन कितीही असो, टायर कितीही रुंद असो, सगळ्या एकाच जीवर सुटल्या असत्या. बराच काळ अनेक अभियंते १ जी हीच सीमा मानून चालत होते. रबराने ती मोडली. रबर रस्त्याच्या खडबडीत दाण्यांभोवती दबून बसतं आणि पृष्ठभागाला चिकटतंही, त्यामुळे त्याचा घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि भार यांचं गुणोत्तर, १ च्या वर जाऊ शकतो. शिवाय टायरवरचा भार वाढवत नेला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, त्याहून कमी. म्हणून मऊ, रुंद टायरांवरची हलकी गाडी फायद्यात राहते. कार्टला पंख नसतात, सस्पेन्शनही नसतं, तरी ती २ जीपर्यंत जाते ती हलकेपणा आणि मऊ रबर यांच्या जोरावर.

टायर वळणावर नेमकं काय करतो, हे मोटारगाडी आल्यावरही बराच काळ कुणी नीट सांगितलं नव्हतं. फ्रान्सच्या जॉर्ज ब्रूलिएने १९२५ मध्ये स्लिप अँगलची कल्पना मांडली. चाक ज्या दिशेला रोखलेलं असतं आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातं, त्या दोहोंमध्ये छोटा कोन असतो, आणि बाजूचं बल त्या कोनातूनच निर्माण होतं. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑलीने यावर काम केलं. मग कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत विल्यम मिलिकेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या स्थिरतेचं गणित मोटारीला लावलं आणि १९५६ मध्ये ते निबंधरूपाने मांडलं. मिलिकेन विमानांच्या चाचण्या करणारा अभियंता होता आणि स्वतः शर्यतींत गाडीही चालवायचा. या विषयात विमानविद्येचा हात पहिल्यापासून आहे, आणि पुढची मोठी झेपही तिथूनच आली.

गाडीचं वजन न वाढवता टायरवरचा दाब वाढवता आला तर? विमानाचा पंख उलटा बसवला की हवा गाडीला खाली दाबते. स्वित्झर्लंडच्या मिखाएल माय याने १९५६ मध्येच आपल्या पोर्शेवर असा पंख लावून नुर्बुर्गरिंग गाठलं होतं, पण आयोजकांनी परवानगी नाकारली. टेक्ससमधल्या जिम हॉलने १९६६ मध्ये चॅपरल २ई या गाडीवर उंच खांबांवर पंख चढवला. ते खांब थेट चाकांच्या आधारावर बसवलेले होते, त्यामुळे सगळा दाब स्प्रिंग न दबता टायरवर पोचायचा. फॉर्म्युला वनमध्ये १९६८ च्या बेल्जियन ग्रांप्रीत फेरारी आणि ब्रॅबम पंख लावून आल्या. वर्षभरात सगळ्यांचे पंख उंच झाले. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुईकवर ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटसचे पंख धावता धावता मोडले आणि दोघांचे भीषण अपघात झाले. त्यानंतर लगेच मोनॅकोत उंच पंखांवर बंदी आली.

जिम हॉलची १९७० ची चॅपरल २जे मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गाडी वाटते. तिच्या मागच्या बाजूला दोन पंखे होते, ते वेगळ्या छोट्या इंजिनावर चालत आणि गाडीखालची हवा खेचून घेत. कडेने झडपा लावून गाडीखालची पोकळी बंद केलेली होती. पंखाचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे हळू वळणावर तो जवळपास नसतोच. चॅपरलचा दाब मात्र गाडी उभी असतानाही तेवढाच असायचा. एका वर्षातच या पद्धतीवर बंदी आली. १९७८ मध्ये गॉर्डन मरेच्या ब्रॅबम बीटी४६बीने हीच कल्पना फॉर्म्युला वनमध्ये आणली. निकी लाउडाने स्वीडनची शर्यत तिच्यावर जिंकली आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. त्याच वर्षी मारिओ आंद्रेत्ती लोटस ७९ वर विश्वविजेता झाला. त्या गाडीचा तळच उलट्या पंखासारखा घडवलेला होता. हाच ग्राउंड इफेक्ट. सरकत्या कडा आणि दगडासारखे कडक स्प्रिंग यांमुळे चालकांची हाडं खिळखिळी होऊ लागली, आणि १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ मध्ये आकार दिलेले तळ नियमांत परत आले.

रबराची बाजूही याच काळात पुढे सरकत होती. १९७१ मध्ये फायरस्टोनने फॉर्म्युला वनमध्ये नक्षी नसलेला स्लिक टायर आणला. १९७७ मध्ये रेनॉबरोबर मिशलँचा रेडियल आला. १९९८ ते २००८ या काळात कोरड्या ट्रॅकवरच्या टायरांवर मुद्दाम खाचा सक्तीच्या केल्या गेल्या, कारण वळणावरचा वेग आटोक्यात ठेवायचा होता.

या दोन धाग्यांना एकत्र करून एक हिशेब मांडू. समजा रबराचा घर्षणांक १.७ आहे आणि ताशी २५० किलोमीटरला हवेचा दाब गाडीच्या वजनाच्या दुप्पट आहे. मग एकूण भार वजनाच्या तिप्पट होतो आणि गाडी ५.१ जीने वळू शकते. तीच गाडी ताशी ८० वर आली की हवेचा दाब जवळपास दहाव्या भागावर येतो आणि मर्यादा २ जीच्या आसपास उरते. म्हणजे हळू, आखूड वळणावर फॉर्म्युला वन आणि चांगली कार्ट शेजारी येतात. ‘फॉर्म्युला वन ५ जी’ हे वाक्य वेग सांगितल्याशिवाय अर्धवटच आहे. कार्टचा आकडा वेगाबरोबर फारसा बदलत नाही, फॉर्म्युला वनचा दुपटीहून जास्त बदलतो. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना मी नेहमी वेगासमोर जी असा आलेख मागतो, एकच सर्वोच्च आकडा नाही.

उतार दिलेल्या, म्हणजे बँकिंगच्या ट्रॅकवर तर ही यादी पुरती फसवते. अमेरिकेतल्या टॅलाडेगाला ३३ अंशांचा आणि डेटोनाला ३१ अंशांचा उतार आहे. उतारामुळे वळण्याचं काही काम टायरऐवजी रस्ताच करतो. एका ठरावीक वेगाला तर टायरला बाजूने काहीच ओढावं लागत नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूरकडे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक लागतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकच्या वळणांनाही याच तत्त्वाने उतार दिलेला आहे. तिथे गाडी भरधाव वळत असते आणि बाजूचा जी मोजणारं यंत्र फार थोडं दाखवतं. उरलेला जोर आसनाच्या दिशेने, खाली जातो.

हा ‘खाली जाणारा’ जोर किती गंभीर असतो, ते २९ एप्रिल २००१ ला टेक्सस मोटर स्पीडवेवर दिसलं. उतार २४ अंशांचा, आणि कार्ट (CART) या अमेरिकन शर्यत-मालिकेच्या गाड्या (गो-कार्ट नव्हेत) ताशी ३७० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत होत्या. चालकांना एकूण ५ जीच्या वर ताण बसत होता, तोही प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा, फेरीचा बराचसा वेळ. सरावानंतर बहुतेकांनी चक्कर येत असल्याचं सांगितलं आणि शर्यत सुरू व्हायला दोनेक तास असताना ती रद्द झाली. तिकिटं विकली गेली होती, लोक जमले होते. तरीही डॉक्टरांचं ऐकून शर्यत थांबवली गेली, हे मला फार मोठं वाटतं. गणित करून पाहा: २४ अंशांच्या उतारावर क्षितिजसमांतर त्वरण ४.७ जी असेल तर चालकाला बाजूने ३.९ आणि खाली २.८ जी जाणवतात. यादीत फक्त ३.९ हा आकडा लिहिला तर फॉर्म्युला वन पुढे दिसेल, आणि शरीरावर काय झालं ते कळणारच नाही.

नाशिककरांना हे ओझरमुळे चटकन समजेल. तिथे १९६४ मध्ये मिग-२१ या लढाऊ विमानासाठी उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून पुढे सुखोई-३० बाहेर पडली. सुखोईचा वैमानिक ९ जीपर्यंत जातो, पण तो जोर डोक्याकडून पायांकडे असतो. रक्त खाली उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून खास पोशाख घालावा लागतो. सपाट ट्रॅकवर शर्यतीच्या चालकाला जोर बाजूने येतो, रक्ताभिसरण तुलनेने टिकून राहतं, सगळा भार मानेवर पडतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरले तर ५ जीला मान ३५ किलोंचा ओढा सांभाळते. त्यामुळे वैमानिकाचे ९ आणि चालकाचे ५ एकाच रांगेत लावून काहीच सिद्ध होत नाही.

नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅली झालेल्या आहेत. मुरमावर टायर चिकटत नाही, तो खडी ढकलत, उकरत जातो. बाजूचं कमाल बल मिळायला गाडी बरीच आडवी करावी लागते, आणि इतकं करूनही आकडा १ जीच्या खालीच राहतो. यादीत तळाला असलेली ही गाडी चालवायला सोपी आहे असं रॅली जवळून पाहिलेला कुणी म्हणणार नाही. फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेचंही असंच. २०१४ च्या पहिल्या हंगामापासून महिंद्राचा संघ तिथे आहे. त्या गाड्या नक्षीच्या टायरांवर धावतात आणि गाडीला खाली दाबणाऱ्या हवेवर कमी विसंबतात, त्यामुळे वळणावरचा जी फॉर्म्युला वनपेक्षा बराच कमी. तो कमीपणा नियमांनी ठरवून दिलेला आहे.

मोजमापाचा मुद्दा राहिला. हल्ली मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून जी मोजतात. वळणावर गाडी ५ अंश कलली तर त्या कलण्यामुळेच ०.०९ जी जास्त दिसतात, आणि उंच एसयूव्ही सेडानच्या बरोबरीला येऊन बसते. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवर, चाक आदळताना येणारा क्षणभराचा झटका आणि दोन सेकंद टिकलेला जी, हे दोन्ही ‘कमाल’ म्हणूनच छापले जातात.

याला जुना आणि प्रामाणिक उपाय आहे: स्किडपॅड. आखलेलं वर्तुळ, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच. फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धांत हीच चाचणी असते, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि मार्ग ३ मीटर रुंद. गाडीचा मध्य साधारण ९.१ मीटर त्रिज्येवर फिरतो. फेरी ६ सेकंदांत झाली तर सुमारे १ जी, ५ सेकंदांत झाली तर जवळपास दीड. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गाडी बांधणाऱ्या मुलामुलींना महागडा सेन्सर नसला तरी हा आकडा मोकळ्या मैदानावर काढता येतो. कार्ट, हॅचबॅक आणि स्वतः बांधलेली गाडी एकाच दिवशी, एकाच डांबरावर, त्याच वर्तुळात फिरवली तर तिन्ही आकडे खरोखर शेजारी मांडता येतील. मात्र त्या वर्तुळात वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असल्याने पंखाचा फायदा त्यात जवळपास दिसणार नाही. तो पाहायचा असेल तर मोठ्या त्रिज्येचं वळण आणि कोइमतूरच्या करी स्पीडवेसारखा खरा ट्रॅक लागेल.