घरचा सर्व्हर सुरू होत नाहीये? काहीही फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून ट्रूनॅस, म्हणजे घरचा सर्व्हर चालवणारी सिस्टीम, बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' दिसलं की आम्हाला येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फोटो गेले का हो?" बहुतेक वेळा गेलेले नसतात. तुमच्या मशीनमधल्या छोट्या एसएसडीवर फक्त ट्रूनॅस आणि त्याची सेटिंग्ज आहेत. फोटो, सिनेमे, टॅलीचे बॅकअप हे सगळं मोठ्या हार्ड डिस्कवर, म्हणजे त्या डिस्क मिळून झालेल्या एकत्र साठ्यात (पूलमध्ये) आहे. एसएसडी गेली म्हणून पूलला काही होत नाही. त्यात कोणत्या डिस्क आहेत आणि त्या कशा जोडल्यात, याची नोंद झेडएफएस (डिस्कवर फाइल साठवण्याची ट्रूनॅसची पद्धत) प्रत्येक डिस्कवरच ठेवतं, तीही चार प्रतींत: दोन डिस्कच्या सुरुवातीला, दोन शेवटी. त्यामुळे कोऱ्या मशीनलाही तुमचा पूल ओळखता येतो.

डेटा जातो तो नंतरच्या घाईगडबडीत.

एसएसडी खरंच गेली आहे का?

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) जाऊन एसएसडीचं नाव दिसतं का बघा. दिसत असेल, तर तारीख-वेळ तपासा. मशीन जुनं असेल आणि वीज बराच वेळ गेलेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असू शकतो. मग तारीख मागे जाते, बूटचा क्रम बदलतो आणि चांगली एसएसडी उगाच बदनाम होते. सेल बदला, क्रम नीट लावा. नाव दिसतच नसेल, तर मशीन बंद करून प्लग काढा आणि एसएसडी एकदा काढून परत घट्ट बसवा. तरीही दिसत नसेल, तर नवी घ्यावी लागेल. लहानशी पुरते. पेनड्राइव्हवर काम भागवू नका, तो लवकर झिजतो.

नवी एसएसडी बसवताना

आधी मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण 'कोणत्या डिस्कवर इन्स्टॉल करू?' या प्रश्नाला चुकीच्या डिस्कवर टिक झाली, तर त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. डिस्क समोर नसली की प्रश्नच मिटला. परत जोडताना क्रम मागेपुढे झाला तरी झेडएफएसला चालतं.

ट्रूनॅसची आवृत्ती आधीचीच घाला. नव्या आवृत्तीची सेटिंग्ज फाइल जुनी आवृत्ती घेत नाही. नंतर मशीन बंद करून डिस्क जोडा, ब्राउझरमधून आत जा (पत्ता बदललेला असू शकतो, तो मशीनला लावलेल्या स्क्रीनवर दिसतो) आणि जपून ठेवलेली सेटिंग्ज फाइल अपलोड करा. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि पूल, युजर, शेअर जिथल्या तिथे येतात.

फाइल नसेल तर स्टोरेजमध्ये जाऊन 'इम्पोर्ट पूल' करा. शेजारच्या 'क्रिएट पूल'ला हात लावू नका, त्याने नवा रिकामा पूल तयार होतो. युजर आणि शेअर मात्र पुन्हा हाताने करावे लागतील. तेव्हा प्रत्येकाचा यूआयडी (युजरचा क्रमांक) पूर्वीचाच द्या. फाइलवर मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. आकडा चुकला तर आईच्या फोल्डरला आईलाच 'परवानगी नाही' असं येतं. पूल अपग्रेड करण्याची सूचना आली तर सध्या सोडून द्या. अपग्रेड झालेला पूल जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.

एन्क्रिप्शन असेल तर

म्हणजे डेटा कुलूपबंद करून ठेवला असेल, तर इथे मात्र आमचाही इलाज चालत नाही. पासफ्रेज (लांब पासवर्ड) ठेवली असेल तर ती आठवली पाहिजे. किल्लीने एन्क्रिप्ट केलं असेल, तर ती किल्ली सेटिंग्जसोबत त्या गेलेल्या एसएसडीवरच होती. तिची फाइल, किंवा सीक्रेट सीडसह उतरवलेली सेटिंग्ज फाइल, तुम्ही बाहेर कुठे ठेवली नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही डेटा उघडणार नाही.

त्यामुळे आजच सिस्टीम, जनरल सेटिंग्ज, मॅनेज कॉन्फिगरेशन इथून फाइल डाउनलोड करा. 'एक्स्पोर्ट पासवर्ड सीक्रेट सीड'वर (साठवलेले पासवर्ड आणि किल्ल्या उघडणारं गुपित) टिक हवीच. एन्क्रिप्शनच्या किल्लीची फाइलही वेगळी उतरवून घ्या. दोन्ही सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. यात गुपितं आहेत, व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका! प्रत्येक अपडेटआधी नवी प्रत घ्या.

दोन एसएसडींचा बूट मिरर (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) करून देता का, असं काही जण विचारतात. देतो, पण घरासाठी आमचा सल्ला वेगळा आहे: तेच पैसे यूपीएस आणि बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कवर खर्च करा.

फोन करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, एन्क्रिप्शन आहे की नाही ते सांगा, आणि तोवर मशीन बंदच ठेवा.